साखरवहिनींची शेजारीण

वकीलबाईंचं तोंड वाईट, यावर त्या संकुलात कुणाचं दुमत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांसाठीच बांधलेलं संकुल ते. आपली आपण राहू शकणाऱ्यांची छोटी घरं तीन मजल्यांवर, तळाला सगळ्यांचा मिळून जेवणाचा हॉल, आणि सगळ्यात वर चौथा मजला. त्याच्याबद्दल लिफ्टमध्ये कुणी बोलत नसे. ज्यांची स्मृती गेली त्यांना तिथं ठेवत. दाराला आकड्यांचं कुलूप होतं. नवरा-बायकोपैकी एकालाच वर जावं लागलं तर दुसऱ्यानं खालीच राहायचं आणि संध्याकाळी तासभर भेटून यायचं, असा नियम होता.

वकीलबाईंची उभी हयात कौटुंबिक न्यायालयात गेली होती. समोरच्या साक्षीदाराला घाम फोडणं हेच काम. नवरा गेला, मुलगा नोकरीपायी दुसऱ्या शहरात, म्हणून त्या इथं आल्या. पण उलटतपासणीची सवय काही सुटली नाही. सूप कोमट असलं तर त्या आचाऱ्याला हॉलमध्ये बोलावून सगळ्यांदेखत चमचाभर प्यायला लावत. कुणी आपल्या ऑपरेशनची हकिगत दुसऱ्यांदा सांगायला घेतली की मधेच तोडून शेवट सांगून टाकत. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत, आणि खरं बोलताना समोरच्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही. लोक त्यांच्या टेबलाला वळसा घालून जात.

त्यांच्या शेजारच्या घरात दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको राहत. या बाईंना अख्खं संकुल साखरवहिनी म्हणे. बोलणं गोड, हसणं गोड. समोर येईल त्याचा हात हातात घेऊन ‘गुडघे कसे आहेत’ म्हणून विचारत. ज्याचे गुडघे ठणठणीत त्यालाही बरं वाटे. तासाभरानं त्या तेच पुन्हा विचारत. पण आपली विचारपूस दोनदा झाली म्हणून कोण तक्रार करतं?

वकीलबाईंच्या नजरेतून मात्र ते सुटलं नाही. वहिनींना कुणी काही विचारलं की त्या आधी नवऱ्याकडे बघत, डॉक्टर हळूच एखादा शब्द पुढं सरकवत, मग वहिनी हसून तोच शब्द म्हणत. पढवलेले साक्षीदार वकीलबाईंनी ढिगानं पाहिले होते. एकदा हॉलमध्ये वहिनींनी एका हातात सफरचंद घेतलं, दुसऱ्यात सुरी घेतली, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघत बसून राहिल्या. डॉक्टरांनी शेजाऱ्याशी गप्पा न थांबवता सफरचंद काढून घेतलं आणि चिरून त्यांच्यापुढं ठेवलं.

वकीलबाईंनी डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि सरळ सांगितलं, की बायकोला दाखवून आणा, उशीर करू नका, लवकर कळलं तर औषधांनी थोडाफार फरक पडतो. डॉक्टर म्हणाले, ती थकली आहे, बाकी काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, थकलेल्या माणसाला सुरी ओळखता येते. डॉक्टरांनी घरात जाऊन दार लावून घेतलं. चौथ्या मजल्याचा नियम त्यांना पाठ होता, आणि लग्न झाल्यापासून ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती.

त्यानंतर काही आठवड्यांनी संकुलात स्मृतिभ्रंशाबद्दल जागृतीचा कार्यक्रम झाला. मॅनेजर हौशी माणूस होता. त्यानं हॉलमध्ये जांभळे फुगे लावले, पडदा टांगला आणि बाहेरून एक तरुण समुपदेशक बाई बोलावली. तिनं सगळं छान समजावून सांगितलं. वस्तू भलत्याच जागी ठेवणं, तेच तेच विचारणं, स्वभाव चिडका होणं, लोक आपल्या वस्तू पळवतात असा संशय घेणं, एकेक लक्षण चित्रासह पडद्यावर आलं. लाजू नका, लपवू नका, एकमेकांवर प्रेमानं लक्ष ठेवा, असं ती म्हणाली. म्हातारी माणसं लगेच एकमेकांकडे प्रेमानं बघायला लागली. शेवटी तिनं विचारलं, कुणाला काही प्रश्न आहेत का. वकीलबाई उभ्या राहिल्या.

“प्रश्न नाही, माहिती आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या शेजारणीला यातली निम्मी लक्षणं आहेत आणि त्यांचे यजमान ती लपवताहेत. आत्ता विचारा त्यांना, आज वार कोणता.”

साखरवहिनी हसल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर उठले. माझी बायको सगळ्यांशी गोड बोलते, ते म्हणाले, आणि हा जर आजार असेल तर तो वकीलबाईंनाही लवकर होवो. टाळ्या पडल्या. बायका उठून वहिनींभोवती जमल्या, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी आणलं. वार कोणता हे कुणीच विचारलं नाही. समुपदेशक बाईनं चारचौघांत असं बोट दाखवणं योग्य नाही असं सांगितलं, त्यावर वकीलबाईंनी विचारलं की मग लक्षणं शिकवलीत कशाला, आणि त्या खाली बसल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर कुणीच बसेना.

मग त्यांच्या घरात विचित्र प्रकार व्हायला लागले. वाचनालयातून परत आल्यावर त्यांना इस्त्री फ्रिजमध्ये सापडली. चपला उशीखाली. कपाटातले स्वेटर घड्या घालून सिंकमध्ये रचलेले. घरात कुणीतरी शिरतंय, अशी तक्रार घेऊन त्या मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, चोरीला काय गेलं. काही नाही, त्या म्हणाल्या. मग शिरणारा येऊन करतो काय? आवरतो, वकीलबाई म्हणाल्या, आणि हे किती वेडगळ वाटतंय ते त्यांच्या स्वतःच्याच कानांना जाणवलं. मॅनेजर सौम्यपणे हसला. पडद्यावरची चित्रं त्याला अजून आठवत होती.

चोर पकडायचाच म्हणून त्या दुपारभर दारामागं खुर्ची टाकून, हातात छत्री घेऊन बसायला लागल्या. त्या घरात असताना कुणी आलं नाही. सफाईवाल्या मावशी तेवढ्या एकदा दार उघडून आत आल्या आणि छत्री उगारलेली बघून किंचाळल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत ती गोष्ट हॉलभर झाली, आणि वकीलबाईंनी पहारा सोडून दिला.

शिरणारं माणूस कोण ते डॉक्टरांना एका दुपारी कळलं. ते झोपून उठले तर वहिनी बाहेरून येत होत्या. चेहरा समाधानी, हातात वकीलबाईंचा चष्मा. एकट्या राहणाऱ्या माणसाची जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची असा संकुलाचा रिवाज होता, आणि वकीलबाईंची किल्ली डॉक्टरांच्या दाराजवळ खुंटीला टांगलेली असे. ती आता वहिनींच्या दुसऱ्या हातात होती.

“केवढा पसारा पडला होता,” वहिनी म्हणाल्या. “आवरून आले.”

डॉक्टरांनी चष्मा घेतला. शेजारी जाऊन सगळं सांगायचं आणि माफी मागायची, एवढंच करायचं होतं. ते शेजारच्या दारापर्यंत गेलेही. पण मग हॉलमधले सगळे चेहरे आपल्या बायकोकडे वळतील, मग तपासणी, मग चौथा मजला. वकीलबाई अजून खालून आल्या नव्हत्या. डॉक्टर किल्लीनं दार उघडून आत गेले, चष्मा कपडे धुण्याच्या यंत्रात टाकला आणि परत येऊन किल्ली खुंटीला अडकवली. हात कापला नाही. लोकांच्या तोंडात सुया खुपसण्यात जन्म गेला होता त्यांचा.

नंतर त्यांनी ती किल्ली एकदा ड्रॉवरमध्ये दडवूनही पाहिली. पण वहिनी दुपारभर दारं हलवत राहिल्या, रडकुंडीला आल्या, जिन्यानं खाली निघाल्या. शेजारी जाऊन आल्या की त्या शांत असत, आणि डॉक्टरांना घटकाभर झोप मिळे. किल्ली पुन्हा खुंटीला आली.

चष्मा यंत्रात सापडल्यावर वकीलबाईंना त्या किल्लीची आठवण झाली. त्या मॅनेजरला सोबत घेऊन डॉक्टरांच्या दारात आल्या आणि किल्ली परत मागितली. डॉक्टर दार अडवून उभे राहिले. त्यांनी आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग फार हळुवार आवाजात म्हणाले, “वकीलबाई, ती तुम्ही गेल्या महिन्यातच परत नेलीत ना? इथंच उभ्या होतात.”

डॉक्टर खोटं बोलतील हे वकीलबाईंच्या डोक्यात येऊ शकलं असतं. पण गेले कित्येक दिवस त्यांना झोप नव्हती, इस्त्री फ्रिजमध्ये निघत होती, आणि समोरचा माणूस इतक्या मायेनं बोलत होता. त्या घरी गेल्या आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत प्रत्येक खण उपसला. किल्ली असणारच नव्हती. कुलूप बदलून द्या म्हणाल्या तर मॅनेजरनं त्यांच्या मुलाला फोन केला आणि दोघांचं ठरलं की नको, आतून कोंडून घेतलं तर पंचाईत व्हायची.

शेवटी एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत राहिला. पाणी जिन्यातून उतरलं आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक घसरून खुब्याचं हाड मोडून बसले. मुलगा पहिल्या गाडीनं आला. समुपदेशक बाई चाचणी घ्यायला आली. तिनं तारीख विचारली तर वकीलबाईंनी विचारलं की तारखेचा आणि नळाचा संबंध काय. तिनं घड्याळ काढायला सांगितलं तर त्यांनी पेन्सिल मोडली. असहकार आणि आक्रमकपणा, असं ती मुलाला बाहेर नेऊन म्हणाली.

मुलानं शेजाऱ्यांचंही मत घेतलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“फार हुशार बाई होत्या,” ते म्हणाले.

मुलगा आईसमोर येऊन बसला. तो वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि त्याला परत जायचं होतं. त्यानं विचारलं, “आई, एकच सांग. ती किल्ली तू परत घेतली होतीस की नाही?”

आयुष्यभर त्यांनी लोकांकडून हो किंवा नाही वसूल केलं होतं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत त्यांना वर नेलं. तात्पुरतं आहे, मुलगा म्हणाला, आणि पिशवी उचलून पुढं झाला. वर त्यांना गोळ्या सुरू झाल्या, त्यानं हात थरथरायला लागले आणि बोलताना जीभ जड व्हायला लागली. पहिले काही दिवस त्या दाराशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की मला काही झालेलं नाही. तिथली सगळीच माणसं तेच सांगत असत. महिनाअखेरीस मुलानं खालचं घर सोडून दिलं.

हॉलमध्ये मंडळींना फार हळहळ वाटली. कार्यक्रम किती उपयोगी पडला, नाहीतर आपल्याला कळलंच नसतं, असं सगळ्यांचं मत पडलं. मॅनेजरनं तो दरवर्षी ठेवायचं जाहीर केलं.

रिकाम्या घरात एक नवं जोडपं राहायला आलं. पहिल्याच आठवड्यात ते दुपारी बाजारातून परतले तर त्यांच्या पलंगावर साखरवहिनी गाढ झोपलेल्या. सगळे बूट ओट्यावर मांडलेले, नळ सुरू, आणि वहिनींच्या मुठीत किल्ली. मॅनेजर आला, त्यानं किल्ली पाहिली, डॉक्टरांचा चेहरा पाहिला, आणि त्याला सगळं कळून चुकलं. काय विचारायचं ते त्यानं विचारलंच नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना ऑफिसात बसवून तो म्हणाला, वहिनींना वर न्यावंच लागेल. डॉक्टरांनी गयावया केली, त्याचे हात धरले. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, वकीलबाईंचं काय.

“मागचं उकरू नका, काका,” मॅनेजर म्हणाला. “त्यांचं घर दिलं गेलं. त्या आता तिथं रुळल्यात. प्राध्यापकांच्या घरचे आधीच वकिलाची भाषा बोलताहेत. तुमचंही भलं त्यातच आहे.”

डॉक्टरांना रडू येत होतं, आणि तरीही ते ऐकून त्यांना हायसं वाटलं.

वर जागा एकच रिकामी होती, वकीलबाईंच्या खोलीत. वहिनी आत आल्या आणि त्यांना बघून हरखल्या. मी रोज तुमच्याकडे येत होते, तुम्हीच नसायचात, असं म्हणाल्या. वकीलबाई पलंगावर उठून बसल्या. त्या रात्री गोळी त्यांनी जिभेखाली धरून नंतर थुंकली, आणि सकाळी डोकं जरा स्वच्छ झाल्यावर वहिनींना जवळ बसवून घेतलं. आयुष्यात कुठल्याच साक्षीदाराशी त्या इतक्या मऊ बोलल्या नव्हत्या. येऊन काय करायच्या तुम्ही? आवरायचे. इस्त्री कुठं ठेवायच्या? गार जागी, तापलेली असते ना. आणि आत कशा यायच्या?

“किल्ली असते की खुंटीला,” वहिनी म्हणाल्या. “मला सापडली नाही तर हे काढून देतात.”

आपलं डोकं शाबूत होतं, शेवटपर्यंत शाबूत होतं, हे कळून वकीलबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी मॅनेजरला बोलावून सगळं सांगितलं. तो मान डोलावत राहिला, हो मॅडम, हो मॅडम. मुलाला फोन लावला तर त्यानं विचारलं, आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना. त्यानंतर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

डॉक्टर रोज संध्याकाळी येत, बायकोजवळ बसत, वकीलबाईंकडे पाठ करून. तो तास सोडला तर दिवसभर वहिनी नवऱ्याला शोधत. एका सकाळी त्यांनी विचारलं, हे कुठं गेले हो? वकीलबाई टॉवेलची घडी घालत होत्या.

“ते वारले,” त्या म्हणाल्या.

वहिनी जमिनीवर बसल्या आणि अशा रडल्या की परिचारिका धावत आली. दुपारपर्यंत बातमी विसरली, पण डोळे का भरून येताहेत ते त्यांना कळेना. दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि वकीलबाईंनी पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी बातमी नवी होती. वकीलबाई तिच्यात बारकावे घालत गेल्या: झोपेत गेले, खाली सगळे जमले होते, तुमचं नाव घेत होते. उभ्या जन्मात त्या पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या, आणि ते त्यांना उत्तम जमत होतं.

थोड्या दिवसांत वहिनी डॉक्टरांना बघून अंग चोरायला लागल्या. मी आता कुणाला भेटत नाही, म्हणाल्या, माझे यजमान गेले. डॉक्टरांनी परिचारिकेला विचारलं आणि तिनं खालमानेनं सांगून टाकलं. ते तडक वकीलबाईंपुढं येऊन उभे राहिले.

“मी मेलो म्हणून तुम्ही सांगता तिला?”

“तसं म्हणाले असेन तर आठवत नाही बाई,” वकीलबाई म्हणाल्या. “मला आजार आहे ना, डॉक्टर.”

डॉक्टर मॅनेजरकडे गेले. मॅनेजरनं त्यांना पाणी दिलं. पेशंटच्या बोलण्याला आपण कसं जबाबदार धरणार, तो म्हणाला, त्या बिचाऱ्या मुद्दाम थोडंच करतात, तुम्ही होतात की त्या कार्यक्रमाला. खोली बदलायला दुसरी जागा नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी वकीलबाईंपुढं हात जोडले. वकीलबाईंनी अट घातली: आत्ता, इथं, माझ्या मुलाला फोन लावायचा आणि सगळं सांगायचं. डॉक्टरांनी सांगितलं. चष्मा, किल्ली, दारातलं ते वाक्य, काही ठेवलं नाही. बोलता बोलता ते हुंदके द्यायला लागले. पलीकडे मुलानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, काका, तुम्ही जेवण वेळेवर करता ना? त्यानं मॅनेजरला फोन केला. मॅनेजर म्हणाला, बायको वर गेल्यापासून डॉक्टरांची मनःस्थिती ठीक नाही, काहीही स्वतःच्या अंगावर घेतात. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये समुपदेशक बाई डॉक्टरांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं हसत विचारलं, आज वार कोणता. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं.

वकीलबाईंनी शब्द पाळला. पुन्हा त्यांनी वहिनींना काही सांगितलं नाही. पण आता सांगायची गरज उरली नव्हती. वहिनींनी ‘हे कुठं गेले’ विचारणंच सोडलं होतं. नवऱ्याचं नाव गेलं, चेहरा गेला, लग्न गेलं. तो मेला एवढं मात्र त्यांच्यात रुतून बसलं. त्या सकाळी रडत उठत आणि वकीलबाई त्यांचं तोंड पुसत.

डॉक्टर येतच राहिले. मी तुझा नवरा आहे, हे सांगणं त्यांनी सोडून दिलं, कारण त्यानं त्या घाबरत. दारातूनच विचारत, बसू का, आणि वहिनींची मर्जी असली तर खुर्चीवर बसत. एका संध्याकाळी वहिनींनी विचारलं, तुम्ही ओळखत होतात का आमच्या यांना? डॉक्टर म्हणाले, हो, चांगला ओळखत होतो. मग वहिनींनी हळूच विचारलं, शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?

डॉक्टरांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी नजर वळवली नाही.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “काहीच नाही झाला.”

वहिनींना बरं वाटलं. वेळ संपली तसं परिचारिकेनं आकडे दाबून दार उघडलं आणि डॉक्टर खाली गेले. भला माणूस दिसतो, वहिनी म्हणाल्या. वकीलबाईंनी दिवा मालवला.